अदृश्य माणूस स्वस्त पडतो

विज्ञानपट काढायचाय आणि गाठीशी पैसा नाही, तर सगळ्यांत परवडणारं पात्र कोणतं? अदृश्य माणूस. त्याला ना मुखवटा लागतो, ना रंगभूषा. खुर्ची आपोआप सरकली, ग्लास हवेत उचलला गेला, की मॅटिनीला आलेलं पोरगंसुद्धा ओळखतं, तो आला.

ग्लास उचलतो काळा दोरा. 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त बाबूभाई मिस्त्रींनी अशाच वस्तू हलवल्या आणि चित्रपटसृष्टीत त्यांना ‘काला धागा’ हे नावच पडलं. फिल्मवर चित्र उमटतं ते प्रकाशामुळे. काळा दोरा प्रकाश जवळपास परत फेकतच नाही. मागचा पडदाही काळा असला, तर फिल्मच्या लेखी दोरा नाहीच. मात्र दिव्याचा झोत ग्लासपुरताच ठेवावा लागतो. दोऱ्यावर तिरीप पडली, की तो चमकतो आणि सगळं उघडं पडतं.

हेच तत्त्व एक पायरी पुढे नेलं, की नुसते कपडे चालू लागतात. हॉलिवूडच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’साठी (1933) जॉन फुल्टन यांनी नटाला काळ्या मखमलीत गुंडाळलं, वरून कपडे चढवले आणि काळ्या मखमलीसमोरच उभं केलं. फिल्मवर फक्त कपडे उतरले. मग त्याच आकाराची झाकणं फिल्मवर तयार करून ते कपडे खोलीच्या वेगळ्या चित्रणात बसवले. आपल्याकडे पुढे ‘मिस्टर एक्स’मध्ये (1957) अशोककुमार आणि ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये (1964) किशोरकुमार अदृश्य झाले.

चंद्र मात्र महाग पडतो. ‘चांद पर चढाई’ 1967 ची, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षं आधीची. तिथे दारासिंग चंद्रावर जाऊन मारामारी करतो. यानापेक्षा त्याच्या दंडांवर भरवसा ठेवणं निर्मात्याला परवडणारं होतं. अमेरिकेत ‘रोबॉट मॉन्स्टर’वाल्यांना (1953) यंत्रमानवाचा पोशाख झेपेना, तेव्हा त्यांनी गोरिल्ल्याच्या पोशाखावर शिरस्त्राण चढवलं.

हे पाहून हसू येतं, पण माझा जीव या चित्रपटांवर जडलाय तो वेगळ्या कारणाने. दोरा कितीही लपवला, तरी अदृश्य माणूस खोलीत आहे हे पटवायचं काम शेवटी समोरच्या नटाचं. रिकाम्या खुर्चीकडे बघताना त्याची नजर नेमक्या उंचीवर ठरली पाहिजे आणि माणूस उठला असेल तर तीही वर सरकली पाहिजे. नजर हलली, की आपल्यालाही कुणीतरी उठल्यासारखं वाटतं. ती भटकली, तर उत्तम युक्तीही फुकट जाते. असा चित्रपट बघताना एकदा ग्लास सोडून फक्त नटांचे डोळे बघावेत.

ही परंपरा चांदवडच्या अगदी शेजारी पुन्हा उगवली. तिथून आग्रा रोडने पुढे गेलं, की मालेगाव. तिथे शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. सुपरमॅन झालेला शफीक हा अंगाने किडकिडीत यंत्रमाग कामगार होता. त्याला उडवायला काळ्या मखमलीऐवजी हिरवं कापड आलं. संगणकाला सांगायचं, जिथे हिरवा दिसेल तिथे आकाश भर. निळं कापडही चाललं असतं, पण सुपरमॅनचा पोशाखच निळा. कापडासह तोही गायब झाला असता. कापड ताणूनच लावावं लागतं. सुरकुतीत सावली धरली, की हिरवा काळवंडतो आणि तेवढा तुकडा संगणकाकडून सुटतो.

फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) या माहितीपटात ही सारी जुळवाजुळव दिसते. मालेगावात कॅमेरा फिरवायला सायकल आणि उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी वापरत. जमलं तर माहितीपट आधी पाहावा आणि सुपरमॅन नंतर. कापड, सायकल, बैलगाडी सगळं ठाऊक असूनही शफीक हवेत गेला, की मी दर वेळी खाली जमिनीकडे बघतो, तो किती उंच गेलाय ते पाहायला.