पाटोद्यात पिओनी येईल का?

माझी भाची बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात राहते, पाचवीत शिकते आणि मला फक्त अडचणीचे प्रश्न पाठवते. मागच्या पावसाळ्यात तिने मोबाइलवर एका फुलाचा फोटो पाठवला. ताटलीएवढं गुलाबी फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, जणू कुणी साडीच्या निऱ्या करून गोल बांधल्यात. खाली प्रश्न होता : "मावशी, हे पिओनी. आपल्या शेतात येईल का? आबा म्हणतात, लावून बघ."

आबांचं बरोबर आहे. लावून बघण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. पण पिओनी बीडमध्ये का रुसेल, ते आधी ऐका. कारण मोठं गमतीचं आहे : हे फूल थंडी मोजतं.

पिओनीचं झाड म्हणजे जमिनीखालचा जाडजूड मुळांचा गड्डा. बटाट्याला असतात तसे त्याला डोळे असतात. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि डोळे मातीखाली झोपतात. त्यांना उठवायला गजर लागतो, पण तो उन्हाचा नाही, थंडीचा. साधारण पाच अंशांच्या खालची थंडी सहा-आठ आठवडे अंगावरून गेली, की डोळ्यांतली झोपेची रसायनं हळूहळू उतरतात. थंडी कमी पडली तर पानं येतील, फुलं मात्र येणार नाहीत. आणि हे एका दिवसाच्या कडाक्याने भागत नाही. पिओनी थंडीची चिल्लर साठवते आणि पुरेशी जमली तरच फुलाची खरेदी करते.

आता आपलं बीड. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेकोटी पेटवावी लागते हे खरं, पण दुपारी बारा वाजता स्वेटर कमरेला बांधून आपण चिंचा पाडत असतो. पिओनीच्या गल्ल्यात पडणार किती? आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाचं तर विचारूच नका. आपल्या देशात पिओनीची एक रानटी जात आहे, पांढऱ्या फुलांची, पण ती हिमालयात, काश्मीर-उत्तराखंडच्या उतारांवर. तिला बर्फाची सवय आहे.

हे सांगितलं तर भाचीचा लगेच उलटा प्रश्न : "मग गड्डा दोन महिने फ्रीजमध्ये ठेवला तर?"

शाब्बास! परदेशात काही बागवाले नेमकं हेच करतात. गड्डे थंड खोलीत ठेवून झाडाला खोटा हिवाळा देतात. पण तुमच्या घरच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी मातीचा गड्डा ठेवायची परवानगी आईकडून मिळवणं हे विज्ञानाच्या हातात नाही. शिवाय फ्रीजमधून काढल्यावर पुढे मे महिना आहेच.

पिओनीबद्दल दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. पहिली तोडणीची. हे झाड नीट सांभाळलं तर पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त जगतं. आपल्याकडे ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा येतो, तो दोन-तीन वर्षं घेतात. पिओनीचा खोडवा म्हणजे पणजीने लावावा आणि पणतीने तोडावा असा! म्हणून जाणते लोक पहिली दोन वर्षं फुलं तोडतच नाहीत, मुळांना बाळसं धरू देतात. पुढेही सगळे दांडे कापत नाहीत, पानं मागे ठेवतात, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाचा स्वयंपाक याच वर्षीच्या पानांत होतो. कळी कधी तोडायची? डोळ्यांनी नाही, बोटांनी ठरवायचं. कळी हलकेच दाबायची. गोटीसारखी टणक लागली तर थांबायचं. ताज्या पावासारखी दबली तर कापायची. अशी कळी कोरडीच थंडीत ठेवली तर काही आठवडे झोपून राहते आणि पाण्यात ठेवली की उमलते.

दुसरी गोष्ट मुंग्यांची. पिओनीच्या कळीवर मुंग्यांची रांग असते. जुने लोक समजायचे की मुंग्या पाकळ्या कुरतडून कळी उघडतात. तसं नाही. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पानांतून गोड रस पाझरतो, तो प्यायला त्या येतात. बदल्यात कळीवर पोट भरायला आलेल्या किड्यांना हुसकावतात. म्हणजे झाडाने साखरेच्या पगारावर राखणदार ठेवलेत.

हे बघायला हिमालयात जायची गरज नाही. तुमच्या शेतात कपाशी असेल तर तिचं पान उलटं करा. मधल्या जाड शिरेवर, देठाकडच्या बाजूला, एक बारीकसा खळगा दिसेल. भिंग असेल तर उत्तम. तिथून गोड रस येतो. फुलातून नाही हं, पानातून! थोडं थांबलात तर एखादी मुंगी येऊन जाईल. एरंडाच्या पानाच्या देठावरही असे गोड फुगवटे असतात. पिओनीचा सगळा तोरा, आणि तिची युक्ती बीडच्या कपाशीला ठाऊकच होती.

तर पिओनी बाजूला ठेवू. मी भाचीला लिहिलं, तुझ्याच बांधावर असं एक फूल आहे की त्याच्यासाठी मोजणी झाडाला नाही, आबांना करावी लागते. तिचं उत्तर आलं : "झेंडू?? तो तर साधाच असतो."

साधा? आधी एक झेंडू घ्या आणि वर्तमानपत्रावर ठेवून मोडा. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती एकेक ओढून काढा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक बारीक काडी दिसेल, कोवळी असेल तर पांढरट, जून झाली की काळी. ती काडी म्हणजे होऊ घातलेलं बी. पाकळीला स्वतःचं बी कसं? कारण ती पाकळी नाहीच, ते एक पुरं फूल आहे. झेंडूचं एक फूल म्हणजे शेकडो चिमुकल्या फुलांची जत्रा, खाली एका हिरव्या पेल्यात दाटीवाटीने बसलेली. सूर्यफूल, शेवंती, झेंडू एकाच कुळातले, सगळ्यांची हीच तऱ्हा.

आणि हा आपला देवाधर्माचा झेंडू मुळात आपला नाहीच. तो मेक्सिकोचा. तिथल्या जुन्या नाहुआ लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होतो 'वीसफूल'. ते लोक विसाच्या पटीत मोजायचे, म्हणून वीस म्हणजे पुष्कळ. आपण 'शतपावली' म्हणतो तेव्हा कुठे शंभर मोजतो? आजही मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरच्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, तेव्हा झेंडूच्या पाकळ्यांची वाट अंथरतात. मोठ्या फुलाच्या झेंडूला बाजारात 'आफ्रिकन झेंडू' म्हणतात, लहान फुलाच्याला 'फ्रेंच'. पण हा ना आफ्रिकेचा, तो ना फ्रान्सचा. नावं ठेवणाऱ्यांनी भूगोलाचा तास बुडवला असावा.

आता मोजणी. झेंडूला थंडी मोजायची नसते, पण त्याच्या शेतकऱ्याला एक दिवस गाठायचा असतो : दसरा. त्या दिवशी दाराला तोरण, ट्रॅक्टरला हार, विळ्या-कोयत्याला फूल, वहीपुस्तकांना फूल. दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला कोण विचारतो? म्हणून आबा उलटे मोजतात. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला साधारण पंचवीस दिवस. रोप लावल्यापासून तोडणीची फुलं यायला साधारण पासष्ट. म्हणजे दसऱ्याच्या नव्वद दिवस आधी बी ट्रेमध्ये पडायला हवं. जात, पाऊस, ऊन यांनी चार-आठ दिवस इकडेतिकडे होतात, ते आबा अंदाजाने धरतात.

पण दसरा एका जागी थांबतो कुठे? २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली चक्क २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी. आपले सण चंद्राच्या महिन्यांवर चालतात आणि असे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात. म्हणून सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो. फार सरकला की अधिक महिना येऊन त्याला पुन्हा पुढे ढकलतो. झेंडूला कॅलेंडर वाचता येत नाही. म्हणून २०२३ साली बी २६ जुलैला टाकलं तर चाललं असतं, पण २०२५ साली ४ जुलैलाच टाकायला हवं होतं. २०२६ साली दसरा २० ऑक्टोबरला आहे. नव्वद दिवस मागे जा आणि तारीख काढा. वहीत नाही, बोटांवर.

मध्येच आबा एक काम करतात ते बघून भाची रडकुंडीला आली होती. महिन्याभराच्या टवटवीत रोपांचे शेंडे त्यांनी खुडून टाकले! "आबा, कामून मोडता?" पण त्यात गंमत आहे. शेंडा म्हणजे झाडाचा हेडमास्तर. तो वरून एक रसायन खाली सोडतो आणि बाजूच्या डोळ्यांना दम देतो, फुटू नका. शेंडा गेला की वर्ग मोकळा. चहूबाजूंनी फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. फक्त याने फुलं थोडी लांबतात, म्हणून आबांनी तेही हिशेबात धरलेलं असतं.

पाण्याचं काय, ते बीडच्या मुलांना शिकवायला नको. बालाघाटाच्या डोंगरात पाटोदा तालुक्यात मांजरा नदी उगम पावते, पण उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर बघावा लागतो. बीड शहराजवळची खजाना विहीर पाहिलीय का? सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतांकडे नेलेलं आहे. पाणी उघड्यावर न आणता झाकून न्यायचं म्हणजे उन्हाला ते वाटेत चोरता येत नाही. आबांच्या शेतात हेच काम ठिबकची नळी आणि सोयाबीनचं भुसकट करतं. नळी मुळाशी थेंब सोडते आणि भुसकट वरून पांघरूण घालतं. दुपारी भुसकट बाजूला सारून मातीवर हात ठेवा, मग उघड्या मातीवर ठेवा. दोन्हींतला फरक हातालाच कळतो. झेंडूला पाणी कमी चालतं, साचलेलं मात्र अजिबात चालत नाही. काळ्या चिकण रानात पावसाने तळं केलं की मुळं कुजतात. म्हणून आबा गादीवाफे उंच करतात.

टोमॅटोच्या रानात झेंडूची ओळ का असते? शोभेला नाही. एक पतंग आहे, खाकी रंगाचा, रात्री हिंडणारा. त्याची अळी हरभऱ्यावर आली की आपण तिला घाटेअळी म्हणतो, कपाशीवर आली की बोंडअळी, तुरीवर शेंग पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी. पत्ते चार, पण ती एकच. (गुलाबी बोंडअळी वेगळी, तिचं नाव इथे घालू नका.) या पतंगाच्या मादीला अंडी घालायला झेंडूची कळी फार आवडते. म्हणून टोमॅटोच्या चौदा-सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा वयाने मोठं घेतात, म्हणजे दोघे एकाच वेळी फुलावर येतात. मादी झेंडूकडे वळते आणि टोमॅटोचा त्रास कमी होतो. झेंडूवरच्या अळ्या वेचायच्या किंवा निंबोळी अर्क फवारायचा. शेजारी काठ्यांचे पक्षीथांबे रोवले की कोतवाल आणि साळुंक्या उरलेलं काम फुकट करतात.

मातीखाली तर आणखी एक युद्ध चालतं. तिथे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे सूत्रकृमी असतात. ते वांगी-टोमॅटोच्या मुळांत शिरून गाठी करतात. झेंडूच्या मुळांत एक रसायन असतं ते त्यांना विषासारखं. काही जातींचे सूत्रकृमी झेंडूच्या मुळांत शिरतात खरे, पण तिथे वाढत नाहीत. झेंडू काढून तिथे भाजीपाला लावण्यात हा फायदा असतो.

मग येतात दसऱ्याआधीचे चार दिवस. घरात कुणी नीट जेवत नाही. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत, नाहीतर संध्याकाळी. कारण दुपारचं फूल पाण्यावाचून दमलेलं असतं, तोडलं की लगेच मान टाकतं. पिओनीसारखं कळीत तोडून चालत नाही. झेंडू पूर्ण उमललेलाच तोडायचा, तोडल्यावर तो पुढे फुलत नाही. फुलं भिजलेली नकोत, कॅरेटमध्ये दाबून भरायची नाहीत, खालची काळी पडतात. पाऊस आला तर सगळा हिशेब चुकतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. त्या वेळी नव्वद दिवसांची अचूक मोजणी करणाऱ्यांचीही रानं पाण्यात गेली. त्याला उत्तर मला येत नाही, आबांनाही येत नव्हतं.

दसऱ्यानंतर बीडमधली कितीतरी घरं बंद होतात. ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, घरची मुलंही बरोबर जातात. तुमच्यापैकी काही जण हे मासिक कारखान्याच्या तळावर, कोपीत बसून वाचत असतील. दाराला कुलूप लागतं, पण तोरण तसंच राहतं. ते वाळतं, तपकिरी होतं, वाऱ्याने हलतं. एकेक काळी काडी सुटून उंबऱ्यापुढच्या मातीत पडते.

भाचीने मला जून महिन्यात दुसरा फोटो पाठवला. पहिला पाऊस झालेला, शेजारच्या घराचं दार उघडं, दारात नुकती उतरवलेली भांडी, आणि उंबऱ्याला लागून बोटभर उंचीची, कातरलेल्या पानांची सतरा रोपं. तिने मोजली होती. खाली लिहिलं होतं, "मावशी, यांना कुणी लावलंच नाही. ही दसऱ्याच्या आधीच फुलतील, आता कसं सांगू यांना?"