अळीला सवय होत नाही, अळीची निवड होते

‘अळीला औषधाची सवय झाली’ हे वाक्य कापूस पट्ट्यातील शेतकरी मेळाव्यांत नेहमी ऐकू येते. निरीक्षण अचूक आहे. कारणमीमांसा मात्र चुकीची आहे. लाखो अळ्यांमध्ये विष पचविण्याचा गुण जन्मतःच लाभलेल्या मोजक्या अळ्या असतात. इतर मरतात, त्या उरतात आणि पुढील हंगामात त्यांचीच संतती वाढते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये विशद केलेली नैसर्गिक निवड ती हीच.

भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि दोन जनुकांचा बोलगार्ड-२ हा २००६ मध्ये. गुजरातमधील गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाच्या विषाला दाद न दिल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरू लागले.

हा धोका आधीच ओळखून बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. या आश्रय पिकावर वाढलेल्या संवेदनशील पतंगांचे प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन होते. प्रतिकाराचा गुण नर-मादी दोघांकडून आला तरच प्रभावी ठरत असल्याने अशी संतती बीटी झाडावर बहुतांशी मरते. परंतु या ओळी म्हणजे अळीला दिलेले आंदण वाटल्याने अनेक ठिकाणी हे बियाणे पेरलेच गेले नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात आश्रय पीक नेमाने राखले गेले, पुढे वंध्य पतंगही सोडले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेतील कापूस क्षेत्र या किडीपासून मुक्त घोषित झाले.

शब्द बदलला की उपायही बदलतो. ‘सवय’ मानली तर मात्रा आणि फवारण्या वाढतात. संवेदनशील अळ्या संपून निवडीचा वेग वाढतो. ‘निवड’ मानली तर आश्रय पीक राखणे, फरदड टाळणे, पऱ्हाटीची वेळेवर विल्हेवाट लावणे आणि कीटकनाशकांचे गट आलटून-पालटून वापरणे यांमागील तर्क उलगडतो.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. ज्यांचे शिक्षण दहावीनंतर थांबते, अशांना हा सिद्धांत समजावणारी पहिली व्यक्ती कृषी विस्तार कार्यकर्ताच असू शकते. त्यासाठी मेळाव्यात एक प्रश्न पुरेसा आहे: फवारणीतून ज्या अळ्या वाचल्या, त्यांची पुढची पिढी कोणासारखी असेल?