घरी शिकणाऱ्या मुलाचं लक्ष : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मुलालाही खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून अमरावती विभागीय मंडळाची दहावी घरून अभ्यास करून देता येते. पण ‘घरी राहून याचं लक्ष लागेल का?’ ही काळजी आईवडिलांना लागतेच. त्या काळजीत काही गैरसमज मिसळलेले असतात.

गैरसमज : घरी शिकणारं मूल मागे पडतं.
वस्तुस्थिती : मुंबईच्या मालविका जोशीनं सातवीत शाळा सोडली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. मात्र बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीत तिला प्रवेश मिळू शकला नाही. म्हणून घरी शिकवा, पण परीक्षेचा फॉर्म वेळेत भरा.

गैरसमज : शाळेइतके तास बसवलं तरच अभ्यास होतो.
वस्तुस्थिती : शाळेच्या वेळेत प्रार्थना, हजेरी, सुट्टी आणि वर्ग शांत करण्यात गेलेला वेळही धरलेला असतो. घरी अर्धा-पाऊण तास एकच विषय, मग दहा मिनिटं उठून फिरणं, असे तीन-चार टप्पे नीट झाले तरी पुष्कळ काम होतं. वेळ मात्र रोज तीच हवी.

गैरसमज : पुनःपुन्हा वाचलं की पाठ होतं.
वस्तुस्थिती : २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानं मात्र, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे निघाले. धडा झाला की वही मिटून मुलाला विचारा, ‘काय वाचलंस, सांग बरं.’ त्यासाठी आईवडील शिकलेलेच हवेत असंही नाही.

गैरसमज : सकाळी न उठणारं मूल आळशी असतं.
वस्तुस्थिती : वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे चारला बळंच उठवण्यापेक्षा रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

गैरसमज : एकदा नापास झालं की वर्ष गेलं.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) चौदाव्या वर्षापासून दहावीला नाव नोंदवता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. नापास होण्याची भीती गेली की लक्ष लागणंही सोपं होतं.

सोयाबीनची सोंगणी आली की घरातले सगळे हात शेतात लागतात, मुलाचेही. लागू द्या. पण त्या दिवसांतही अभ्यासाचा एक तास ठरवा, आणि त्या तासात त्याला कुणीही हाक मारू नका.