न मारलेला शॉट

नेमबाज म्हटला की तीक्ष्ण नजर आणि दगडासारखा स्थिर हात असणारच, असं आपण धरून चालतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा बिंदू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण जिवंत माणूस पूर्ण स्थिर राहूच शकत नाही. काळीज धडधडतं, तोल सावरत राहावा लागतो आणि नळीचं टोक डुलत राहतं. अचूकतेचं खरं कसब म्हणूनच निवडीत आहे: कोणता क्षण साधायचा आणि कोणता सोडून द्यायचा.

उभ्याने नेम धरताना उजव्या हाताचा नेमबाज डावं कोपर कमरेच्या हाडाशी टेकवतो, म्हणजे रायफलचा भार स्नायूंऐवजी हाडं पेलतात. मग डोळे मिटून तो श्वास सोडतो आणि डोळे उघडून पाहतो, की नळी आपसूक कुठे रोखली गेली आहे. ती बाजूला असेल तर हाताने ओढायची नाही, पाऊल किंचित सरकवायचं; ओढून आणलेली नळी ऐन वेळी मूळ जागेकडे परतू पाहते आणि छर्रा भरकटतो. नळीच्या टोकावरच्या रिंगमध्ये लक्ष्याचं काळं वर्तुळ मधोमध बसलं की आधीच पहिल्या टप्प्यापर्यंत दाबलेला ट्रिगर अलगद पूर्ण दाबायचा आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. काही सेकंदांत हे जुळलं नाही, तर रायफल खाली घ्यायची. पात्रता फेरीत ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, ती या माघारीलाही पुरतात.

अंतिम फेरीत एकेका शॉटला ५० सेकंदच असतात, तिथे माघारीची चैन कशी परवडणार, असं कुणी विचारेल. पण तिथेही एकदा थांबून पुन्हा सुरुवात करता येते. आणि सरावात वाईट क्षण नाकारण्याची सवय लागलेली असली, की चांगला क्षण ओळखायला वेळ लागत नाही. खरा फरक महागडी साधनंच पाडतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यांच्याअभावी कित्येक मुलं रेंजपर्यंत पोचतच नाहीत, हे अन्यायकारकच आहे. मात्र अंतिम फेरीत सगळ्यांकडेच उत्तम रायफल असते; तिथे फरक कसबानेच पडतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या, म्हणजे तीन स्थितींतून नेम धरायच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीत सुरुवातीला मागे होता. सर्वांत डळमळीत अशा उभ्या स्थितीत तो वर सरकला आणि त्याने ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. म्हणून नवख्या मुलाचे गुण मोजण्याआधी प्रशिक्षकाने पाहावं, की न जमलेल्या नेमावर तो रायफल खाली घेतो का.