दुनळीची गाठ काडतुसाशी

पितळेची पुंगळी जिथून जन्म घेते ती जागा ठाण्याच्या नौपाड्यापासून फार लांब नाही. ठाणे स्थानकावर अंबरनाथ लोकल पकडायची. डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर मागे पडलं की अंबरनाथ येतं, आणि तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी. तांबं सत्तर भाग आणि जस्त तीस भाग अशा मिश्रधातूच्या जाड वाट्या या कारखान्यात तयार होतात. अशी वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांबवली की तिची पुंगळी होते. पुंगळीत दारू, बुडाशी प्रायमर आणि तोंडाशी गोळी बसली की काडतूस पुरं झालं. काडतुसं तयार करणारे देशातले दोन मोठे कारखानेही महाराष्ट्रातच आहेत. एक पुण्याजवळच्या खडकीचा, १८६९ सालचा, आणि दुसरा जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा.

परवानाधारक नागरिकाला देशी बनावटीची जी काडतुसं मिळतात त्यांची यादी छोटी आहे : १२ बोर, .३१५ रायफल, .३२ रिव्हॉल्व्हर आणि आणखी मोजके प्रकार. आजोबांच्या कपाटातून वारशानं आलेल्या दुनळी रायफलीला लागणारं .४७० किंवा .५०० नायट्रो एक्स्प्रेस त्यात नाही. तरीही जगभर आज या रायफलींसाठी जी काडतुसं निवडली जातात, त्यांच्यावर हिंदुस्थानचा ठसा आहे. तो कायद्यानं उमटवला आणि इथल्या उन्हानंही.

कायद्याची गोष्ट १९०७ची. लंडनच्या जॉन रिग्बीनं १८९८ साली .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणलं होतं. ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, ७० ग्रेन कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आणि सेकंदाला २१५० फूट वेग. काळ्या दारूच्या धुराड्या बंदुका त्यानं एका फटक्यात जुन्या करून टाकल्या. हत्ती, गवा आणि वाघ यांच्यासाठी हेच प्रमाण काडतूस ठरणार अशी चिन्हं होती. पण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .५७७/४५० काडतुसावर चालत, आणि त्यातल्या बऱ्याच सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती पडल्या होत्या. .४५० मापाची शिकारी काडतुसं किंवा त्यांच्या गोळ्या बंडखोरांपर्यंत पोचतील, या धास्तीनं सरकारनं ते मापच हिंदुस्थानात बंद केलं.

ही धास्ती कोणत्या काळातली होती ते ठाण्याला वेगळं सांगायला नको. नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला १९०९च्या डिसेंबरात, लंडनहून लपवून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलानं. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिलं ते ठाण्याच्याच तुरुंगात. एकेक पिस्तूल आणि एकेक काडतूस मोजून ठेवणारं ते राज्य होतं.

बंदी आली तेव्हा विलायतेतल्या बंदूककारांच्या हातून त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक निसटू लागलं. मग .४५०पेक्षा जरा वेगळी मापं काढण्याची त्यांची धावपळ सुरू झाली. हॉलंड अँड हॉलंडनं .४६५ काढलं, वेस्टली रिचर्ड्सनं .४७६. .४७५ची तर दोन-तीन भावंडं निघाली. जोसेफ लँगचं .४७० मात्र सगळ्या व्यवसायाला खुलं होतं, म्हणून तेच सर्वांत जास्त पसरलं. काम सगळ्यांचं एकच : साधारण ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरणारी गोळी, आणि वेगही जवळपास तोच, २१५० फूट. आज दुनळी रायफल विकत घेणारा अमेरिकन किंवा जर्मन माणूस पहिल्यांदा .४७० मागतो, आणि त्यामागचं एक मोठं कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हिंदुस्थानातला एक हुकूम आहे. लष्करी .३०३वरही इथे अशीच बंदी होती, आणि त्याच पोकळीत आपल्याकडचं .३१५ रुजलं.

दुनळी रायफलीच्या काडतुसाची निवड एवढी नाजूक का, हे कळण्यासाठी तिची घडण पाहावी लागते. शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन नळ्या वरवर पाहता समांतर दिसतात. प्रत्यक्षात दस्त्याकडून तोंडाकडे जाताना त्या एकमेकींकडे किंचित झुकलेल्या असतात. उजवी नळी उडते तेव्हा गोळी बाहेर पडेपर्यंतच्या क्षणभरात धक्क्यानं रायफल वर आणि उजवीकडे वळते. डावी उडाली की ती डावीकडे वळते. हे वळण हिशेबात धरून नळ्या बसवायच्या, आणि पन्नास ते शंभर यार्डांवर दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पाडायच्या. या कामाला रेग्युलेशन म्हणतात. कारागीर गोळ्या झाडतो, कागदावरची भोकं पाहतो, तोंडाशी असलेलं डाख तापवून मऊ करतो, नळ्यांमधली पाचर केसभर सरकवतो आणि पुन्हा झाडतो. मनासारखं जुळेपर्यंत हे चालू राहतं. हाताच्या अंदाजावर चालणारं इतकं बारीक काम बंदूक-कारागिरीत दुसरं क्वचितच सापडेल.

आणि हे सगळं जुळवलेलं असतं एकाच भरणीवर, म्हणजे दारू आणि गोळी यांच्या एका ठरावीक मेळावर. दुसरी भरणी वापरली की जुळणी मोडते. गोळी जास्त वेगानं निघाली तर नळीला वळायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे अशी फुली पडते. गोळी मंद असेल तर दोन्ही गोळ्या आपापल्या बाजूला फाकतात. म्हणून अशा रायफलीसाठी काडतूस निवडणं म्हणजे मूळ भरणीच्या शक्य तितकं जवळ जाणं. सर्वांत जोरदार किंवा सर्वांत नवं काडतूस शोधणाऱ्याला ही रायफल नीट उत्तर देत नाही.

ही मूळ भरणी रायफलीच्या अंगावरच लिहिलेली असते. नळ्या उघडून बाजूला काढल्या की खालच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे शिक्के दिसतात. त्यांच्यासोबत कॉर्डाइटचं वजन आणि गोळीचं कमाल वजन कोरलेलं असतं, जसं .४७०साठी ७५ आणि ५००. अनुक्रमांक कळवला तर रिग्बी किंवा हॉलंड अँड हॉलंड यांच्यासारख्या पेढ्या जुन्या वह्या काढून ती रायफल कधी आणि कोणत्या भरणीसाठी बनली ते सांगू शकतात. हे दोन पुरावे हाती येईपर्यंत काडतुसांचा कॅटलॉग उघडण्यात अर्थ नाही.

नावांवर विसंबणं तर सरळ धोक्याचं. .४५०/४०० या नावाचं काडतूस तीन इंची पुंगळीतही येतं आणि सव्वातीन इंचीतही. .४७५ नंबर २ आणि .४७५ नंबर २ जेफ्री या नावांत एका शब्दाचा फरक आहे, पण त्यांच्या गोळ्यांचा व्यास वेगळा आहे. म्हणून जाणकार बंदूककार कक्षाचा साचा ओततो, नळीतून मऊ शिशाची गोळी ढकलून बाहेर काढतो आणि ती मायक्रोमीटरवर मोजतो. पत्र्याच्या डब्यावरचं लेबल त्यानंतर वाचायचं.

आता उन्हाबद्दल. कॉर्डाइट उष्णतेला फार हळवं. थंड इंग्लंडात जुळवलेली भरणी वैशाखातल्या विदर्भात किंवा मध्य प्रांतात उडवली की दाब आणि वेग दोन्ही वाढत. पुंगळी कक्षात चिकटून बसे, आणि जखमी जनावर समोर असताना उघडत नसलेली बंदूक हातात असणं म्हणजे काय, ते सांगायला नको. यावर उपाय म्हणून किनॉकसारख्या कंपन्यांनी कॉर्डाइट थोडं कमी केलेली, उष्ण प्रदेशांसाठीची वेगळी काडतुसं काढली. पुंगळ्या लांबलचक आणि दाब माफक ठेवण्यामागेही हाच विचार होता. जिम कॉर्बेटची जेफ्रीची .४५०/४०० याच घराण्यातली.

किनॉक म्हणजे बर्मिंगहॅमचा मोठा कारखाना, पुढे आयसीआयमध्ये विलीन झालेला. लाल-पिवळी खोकी हीच त्याची ओळख. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुनळीची काडतुसं म्हटली की लोकांच्या तोंडी किनॉकचंच नाव येई. साम्राज्य आटलं, आफ्रिकेतले आणि आशियातले शिकारी कमी झाले. १९५६ साली विंचेस्टरनं .४५८ मॅग्नम आणलं, आणि तेवढीच ताकद साध्या बोल्ट रायफलीत स्वस्तात मिळू लागली. १९६०च्या दशकात किनॉकनं ही काडतुसं बनवणं थांबवलं. हजारो उत्तम रायफली एकाएकी मुक्या झाल्या.

हातानं काडतुसं भरण्याचा छंद या क्षेत्रात गरज म्हणून वाढला तो तेव्हापासून. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम राइट यांचं ‘शूटिंग द ब्रिटिश डबल रायफल’ हे पुस्तक याच गरजेतून आलं, आणि कॉर्डाइटच्या जागी आजची दारू वापरून जुनी जुळणी कशी परत मिळवायची, या विषयात आजही त्याचाच आधार घेतला जातो. पुढे तयार काडतुसंही परतली. इंग्लंडच्या सफोकमध्ये कायनॅमकोनं किनॉकचं नाव पुन्हा उभं केलं. अमेरिकेच्या फेडरल आणि हॉर्नाडी, स्वीडनची नॉर्मा यांनी .४७० आणि त्याच्या भावंडांची काडतुसं आणली. नव्या कारखानदारांनी बहुतेक जुनाच २१५०चा वेग धरून ठेवला, हे फार शहाणपणाचं झालं. तरीही एकाच वेगाची दोन खोकी एकाच रायफलीत वेगळी वागतात, कारण दारूचा जळण्याचा वेग आणि धक्क्याचा पोत वेगळा असतो. म्हणून खोकं भरभरून घेण्याआधी पाच-दहा काडतुसं कागदावर झाडून पाहावीत : आधी उजवी नळी, मग डावी, प्रत्येक जोडीनंतर नळ्या थंड होऊ देत.

गोळीची निवड हा वेगळा प्रश्न. जुन्या नळ्या पातळ, पोलाद मऊ. शिशाच्या गाभ्याची गोळी नळीच्या आतल्या आट्यांत शिरताना थोडी दबते. अखंड तांब्याची किंवा पितळेची आधुनिक गोळी दबत नाही. अशा गोळीनं नळीवर आतून आट्यांचा ठसा बाहेर उमटल्याची उदाहरणं आहेत. शंभर वर्षांच्या नळीला शिशाच्या गाभ्याचीच गोळी द्यावी, हे मत या लेखाला पटतं. ऑस्ट्रेलियाच्या वूडली कंपनीच्या गोळ्या त्यासाठी नावाजलेल्या होत्या. २०२१ साली तिच्या कारखान्याला आग लागली तेव्हा दुनळीवाल्यांचं जग किती मोजक्या कारखान्यांवर उभं आहे ते साऱ्यांना कळलं.

हातानं भरण्याच्या साधनांत पहिला मान प्रेसचा. आरसीबीएसच्या रॉक चकरसारखा एकपदरी, जाड बिडाचा प्रेस .४७०ला पुरतो. .५७७ आणि .६००च्या अजस्र पुंगळ्यांना मोठ्या आट्यांचे साचे आणि त्याहून दणकट प्रेस लागतो. .६००ची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे जवळपास पाच तोळ्यांची! साचा चांगला असणं इथे नेहमीपेक्षा महत्त्वाचं. दुनळी रायफल मोडून उघडते, तिच्यात बोल्टसारखी पुंगळी रेटून बसवण्याची किंवा खेचून काढण्याची ताकद नसते. पुंगळी बोटानं सरकून आत जायला आणि बोटानं बाहेर यायला हवी. पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवणंही चुकवून चालत नाही. उजवी नळी उडाली की तिच्या धक्क्यानं डाव्या नळीतल्या काडतुसाची गोळी जागची हलू शकते.

बाकी अचूक तराजू, पुंगळी कापून समान करणारं यंत्र आणि वेग मोजणारा क्रोनोग्राफ. यातल्या क्रोनोग्राफवर कधीच काटकसर करू नये, कारण जुळणी साधली की नाही ते वेगाशिवाय कळत नाही. कॉर्डाइटच्या काड्यांसाठी आखलेल्या मोठ्या पुंगळीत आजची दारू अर्धीमुर्धी राहते. ती एका बाजूला लवंडू नये म्हणून काही जण फोम किंवा शेवरीच्या कापसासारखं भरण घालतात. हे छापील, तपासलेल्या माहितीशिवाय करणं म्हणजे नळी फुटण्याला बोलावणं.

पितळेचा स्वभाव पुण्याच्या तांबट आळीला विचारावा. ठोके खाऊन धातू ताठर होतो, मग तांबट भांडं पुन्हा भट्टीत तापवतो, तेव्हा ते पुढचे ठोके सोसतं. पुंगळीचंही तसंच. प्रत्येक भरणीत तिचं तोंड दाबलं आणि फुगवलं जातं, आणि ठरावीक वेळानं ते तापवून मऊ केलं नाही तर त्याला चीर पडते. अंबरनाथच्या वाटीपासून पुंगळी ओढली जाताना मधूनमधून धातू तापवतात तोही याचसाठी.

मात्र हे सगळं ज्या देशांत कायदा मुभा देतो तिथलं. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं काडतूस भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, आणि तिथल्या मराठी छंदिष्टालाही हा मार्ग मोकळा आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा सात वर्षं, कमाल जन्मठेप. त्याच दुरुस्तीनुसार एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशानं आलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानं शिकार संपवली, आणि ती संपली हे योग्यच झालं. पण त्या रायफली मात्र उरल्या : काही कोल्हापूरच्या न्यू पॅलेससारख्या संग्रहालयांत, काही जुन्या घरांच्या कपाटांत.

अशा कपाटात रायफलीशेजारी बहुधा किनॉकचं एखादं अर्धं रिकामं खोकंही असतं. त्यातली काडतुसं साठ वर्षांहून जुनी, तोंडाशी हिरवा गंज चढलेली, आतलं कॉर्डाइट कदाचित विघटन पावलेलं. ती झाडू नयेत, उघडूनही पाहू नयेत. नौपाडा, डोंबिवली किंवा अंबरनाथमधल्या वारसानं परवाना आणि खोकं घेऊन आपलं पोलिस ठाणं गाठावं. ही तिन्ही ठिकाणं ठाणे शहर पोलिस आयुक्तालयातच येतात. रायफल ठेवायची झाली तर परवाना आपल्या नावावर करून घ्यावा. मग नळ्या उघडून खालचे शिक्के वहीत उतरवून घ्यावेत आणि अनुक्रमांकासह लंडनला पत्र धाडावं. उत्तरात भरणी कळेल, तारीख कळेल, आणि आजोबांनी किंवा त्यांच्याआधी कुणी ती रायफल पहिल्यांदा कोणत्या दुकानातून घेतली होती, तेही कदाचित कळेल.