रक्तदान आणि गणितातील संबंध

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे तीन गट दाखवून दिले. १९०२ मध्ये चौथा सापडला. ओ, ए, बी आणि एबी असा हा चार घटकांचा संच झाला. ‘पहिल्या गटाच्या तांबड्या पेशी दुसऱ्यास चालतात’ हा या संचावरील एक संबंध होय. चार घटकांच्या क्रमित जोड्या १६. त्यांपैकी ९ या संबंधात बसतात. गणिताच्या दृष्टीने संबंध म्हणजे जोड्यांची अशी निवडच. तिचे कारण गणित विचारीत नाही.

प्रत्येक गट स्वतःस चालतो, ही परावर्तनता. ओ हा ए-ला आणि ए हा एबी-ला चालतो, म्हणून ओ हा एबी-लाही चालतो, ही संक्रामकता. सममितता मात्र येथे नाही. एबी गटाच्या पेशी ए गटाच्या रोग्यास दिल्या, तर त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यांवरील बी प्रतिजनावर हल्ला करतात, पेशी फुटतात, रोगी दगावूही शकतो. जोडीचा क्रम उलटण्याची ही चूक कागदावर राहत नाही!

सममितता असती, तर समतुल्यता-संबंध होऊन संचाचे पृथक् वर्ग पडले असते. तिच्या जागी प्रतिसममितता असल्याने हा अंशक्रम ठरतो. तो पूर्ण क्रम नव्हे, कारण ए आणि बी एकमेकांस मुळीच चालत नाहीत. मर्म एवढेच, की दात्याच्या पेशींवरील प्रतिजनांचा संच हा घेणाऱ्याच्या प्रतिजनसंचाचा उपसंच असावा लागतो. ऱ्हीसस घटकही विचारात घेतला, की गट ८, जोड्या ६४ आणि चालणाऱ्या जोड्या २७ होतात.