रूनलेख म्हटला की जादूच का?

दागिन्यावर रून अक्षरं कोरलेली दिसली की तो मंतरलेला असणार, हा समज चांगलाच रुजलेला आहे. इंग्लंडमधले आरंभीचे अँग्लो-सॅक्सन दागिने एकेक करून पाहिले, तर त्याला आधार कमीच सापडतो. नॉर्विचजवळच्या हारफर्ड फार्म इथे १९९० मध्ये एका थडग्यात सातव्या शतकातला गार्नेट जडवलेला सोन्याचा ब्रोच मिळाला. त्याच्या मागच्या बाजूवर एक सबंध वाक्य ओरखडलं आहे: लूडाने हा ब्रोच दुरुस्त केला. डागडुजीच्या खुणा आजही दिसतात. लेख अंगाकडच्या बाजूला लपवला, म्हणजे त्यात काही गूढ असणारच, असं यावर म्हटलं जातं. पण पुढचा भाग नक्षीने भरलेला. कारागिराला मोकळी जागा मिळणार ती मागेच. शिवाय वाक्याचा अर्थ लख्ख आहे. सफकमधल्या अंडली इथल्या पाचव्या शतकातल्या सुवर्णपदकावरचा लेख मात्र इतका सरळ नाही. त्यातल्या पहिल्या शब्दाचा उलगडा अजून वादग्रस्त आहे. पण एखादा शब्द न लागणं म्हणजे तो मंत्र असल्याचा पुरावा नव्हे.

ही लिपी मूर्तिपूजकांची होती आणि ख्रिस्ती धर्म येताच संपली, हा दुसरा गैरसमज. ६९८ मध्ये संत कथबर्ट यांच्यासाठी केलेल्या लाकडी शवपेटीवर खुद्द ख्रिस्ताचं नाव रूनमध्ये आहे. आठव्या शतकात ईस्ट अँग्लियाचा राजा बेओना याने आपल्या नाण्यांवर याच लिपीत नाव घातलं. रोजच्या व्यवहारातल्या नाण्यावर कोणी गुप्त लिपी कशाला छापेल?

तरीही कार्लाइलजवळ किंगमूर इथे १८१७ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या अंगठीचा आक्षेप उरतोच, आणि तो गंभीर आहे. तिच्यावरच्या तीस अक्षरांचा सरळ अर्थ लागत नाही. सत्तावीस बाहेरून, उरलेली तीन आतून. हा मंत्रच असावा, हे मान्य करायला हवं. मात्र याच्याशी मिळतेजुळते ध्वनी रक्तस्राव थांबवण्याच्या मंत्रांत येतात, आणि ते मंत्र जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत रोमन लिपीत लिहिलेले आहेत. म्हणजे सामर्थ्य मानलं जात होतं ते शब्दांत, अक्षरांच्या वळणात नव्हे. त्या ग्रंथांमुळे रोमन लिपीला कोणी जादूची म्हणत नाही. मग एका अंगठीमुळे रूनलाही तसं म्हणता येणार नाही.